पहिल्या बोलपटाचा हिरो पुढे दुय्यम भूमिकांमध्ये का उभा राहिला?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जयप्रभा स्टुडिओ आहे. आज तिथे शूटिंग होत नाही. जागा कुणाची, ती विकली कशी, तिथे पुन्हा कॅमेरा लागणार की नाही, या वादामुळेच स्टुडिओचं नाव अधूनमधून बातमीत येतं. 2022 साली तर कोल्हापूरच्या कलाकारांनी यासाठी आंदोलन केलं होतं. पण एक काळ होता जेव्हा भालजी पेंढारकरांच्या या स्टुडिओत घोडे, भालदार, मावळे आणि मुघल सरदार यांची रोजची वर्दळ असायची.

भालजींनी 1952 साली 'छत्रपती शिवाजी' काढला. महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे, मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. सोबत ललिता पवार, गजानन जागीरदार अशी मोठी नावं. श्रेयनामावलीत या नावांच्या गर्दीत आणखी एक नाव आहे, मास्टर विठ्ठल. आजच्या प्रेक्षकाची नजर त्या नावावरून सहज पुढे सरकते.

गंमत अशी की बरोबर 21 वर्षं आधी, 1931 साली, हेच विठ्ठल आणि हेच पृथ्वीराज एका चित्रपटात एकत्र होते. तेव्हा हिरो विठ्ठल होते आणि पृथ्वीराज दुसऱ्या फळीत. तो चित्रपट होता 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट.

म्हणजे देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक पुढे आपल्याच गावच्या मातीत, दुसऱ्याच्या चित्रपटात बाजूची भूमिका करत होता. हे असं कसं झालं, आणि त्यांनी ते का स्वीकारलं असेल?

सुरुवातीपासून बघू.

मास्टर विठ्ठल यांचा जन्म 1906 चा. लहानपणीच ते नाटक कंपनीत दाखल झाले. नावापुढचं 'मास्टर' हे तिथलंच. नाटकात काम करणाऱ्या पोरांना मास्टर म्हणायची पद्धत होती आणि पोरगा मोठा झाला, म्हातारा झाला तरी ते बिरुद काही सुटायचं नाही.

त्या काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी जोरात होती. बाबूरावांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा जुळवला होता. 1920 च्या 'सैरंध्री'पासून त्यांचं नाव गाजू लागलं होतं. या कंपनीत कुणी एकच काम करायचं नाही. जो रंग कालवायचा तोच पडद्यावर सैनिक व्हायचा, जो सेट उभारायचा तोच रात्री फिल्म धुवायला बसायचा. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे याच तालमीतून बाहेर पडलेले गडी.

विठ्ठल इथे आले ते संकलनाच्या कामासाठी, म्हणजे फिल्म कापायची आणि जोडायची. कुठे चौकटी कमी करायच्या, कुठे उडी जास्त लांब दिसेल, कुठे तलवारीचा वार अंगावर येईल, हे सगळं त्या टेबलावर कळतं. पुढे स्टंटपटांचा राजा झालेल्या माणसाची सुरुवात कात्रीपासून झाली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले 1924 च्या 'कल्याण खजिना'मध्ये. भूमिका कोणती, तर नाचणाऱ्या बाईची. बाबूरावांनी खरं तर 'सैरंध्री'तच बायकांच्या भूमिकांसाठी बायका उभ्या केल्या होत्या. तरीही चार वर्षांनी त्यांच्याच कंपनीत एक तरुण मुलगा साडी नेसून नाचत होता. बदल असाच होतो, एका दिवसात सगळं पालटत नाही.

म्हणजे विठ्ठल यांची सुरुवातच मुळी बाकावरून झाली. फिल्म कापायची, अधूनमधून कॅमेऱ्यासमोर जायचं, मिळेल ते करायचं आणि परत टेबलावर यायचं.

तिथून ते मुंबईला गेले. भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी 1925 मध्ये शारदा फिल्म कंपनी काढली होती. याच कंपनीच्या 'बाजीराव मस्तानी' या मूकपटाच्या दिग्दर्शनात नानूभाईंसोबत भालजी पेंढारकरांचंही नाव आहे. कोल्हापूरची माणसं तेव्हा अशी मुंबईभर पसरत होती. शारदात विठ्ठल आधी नाचाचीच कामं करायचे. मग 'रतन मंजरी'मध्ये त्यांना नायक केलं गेलं आणि त्यानंतर मागे वळून पाहायची वेळच आली नाही.

शारदाने एक गोष्ट ओळखली होती. पौराणिक चित्रपट सगळेच काढतात, पण चार आण्याच्या तिकिटावर पुढे जमिनीवर बसणाऱ्या प्रेक्षकाला हाणामारी हवी, घोडदौड हवी, गच्चीवरून उडी हवी. स्टंटपट हाच धंदा धरणारी ही देशातली पहिली कंपनी मानली जाते आणि या धंद्याचा चेहरा होता मास्टर विठ्ठल. पिळदार शरीर, हातात तलवार, आणि दर काही महिन्यांनी नवा चित्रपट. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायला लागले. फेअरबँक्स म्हणजे 'मार्क ऑफ झोरो', 'रॉबिन हूड', 'थीफ ऑफ बगदाद' वाला हॉलिवूडचा उड्या मारणारा हिरो. विसाव्या दशकाच्या शेवटी सर्वात जास्त पगार घेणाऱ्या नटांमध्ये विठ्ठल यांची गणना होत होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मूकपटाला भाषा नसते. पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात आणि त्या दोन-तीन भाषांत लिहिता येतात. नट मराठी बोलतो की गुजराती याचं प्रेक्षकाला काही घेणंदेणं नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या कंपनीत घडलेला मुलगा लाहोरपासून मद्रासपर्यंत हिरो होऊ शकत होता. त्याचं सगळं भांडवल शरीर होतं, आणि शरीराला भाषांतर लागत नाही.

मग आवाज आला.

इम्पिरियल कंपनीचे अर्देशिर इराणी यांनी बोलपट काढायचं ठरवलं. नायिका म्हणून झुबेदा. नायक म्हणून आधी मेहबूब खान या तरुणाचा विचार झाला होता, असं सांगितलं जातं. हेच मेहबूब पुढे 'मदर इंडिया' काढणार होते. पण इराणींनी एवढा पैसा घातला होता की त्यांना नवखा चेहरा नको होता. त्यांना हवा होता देशभर चालणारा माणूस. मास्टर विठ्ठल.

अडचण एकच होती, विठ्ठल शारदाशी करारात बांधलेले होते. त्यांनी करार मोडला. कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. आणि या खटल्यात विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. होय, तेच. राजकारणाबरोबर मुंबईत त्यांची वकिलीही जोरात चालत होती. विठ्ठल मोकळे झाले आणि 'आलम आरा'चे नायक झाले.

ज्या चित्रपटासाठी त्यांनी भांडून, कोर्टाची पायरी चढून जागा मिळवली, त्याच चित्रपटाने त्यांची जागा कायमची घालवली.

कशी, ते बघा. 'आलम आरा'च्या शूटिंगला आवाज आणि चित्र एकाच वेळी, एकाच फिल्मवर नोंदवायचं तंत्र वापरलं होतं. आज डबिंग करता येतं, तेव्हा ते नव्हतं. स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता, त्यामुळे दिवसा गाड्यांचा खडखडाट. शूटिंग करायचं ते रात्री, गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच्या तीन-चार तासांत. मायक्रोफोन नटांच्या आसपास कुठेतरी लपवलेले असायचे. नटाने मायक्रोफोनपासून लांब जायचं नाही. मान वळवली तरी आवाज पडायचा.

आता विचार करा, ज्या माणसाची सगळी ताकद धावण्यात, उडी मारण्यात, घोड्यावरून झेप घेण्यात, त्याला सांगितलं गेलं की इथे उभा राहा, हलू नकोस, आणि शुद्ध हिंदुस्तानी बोल.

पैलवानाला आखाड्यातून उचलून कीर्तनाला उभं करावं तशातला प्रकार.

विठ्ठल यांचे हिंदी-उर्दू उच्चार मराठी वळणाचे होते. त्यामुळे त्यांचे संवाद कमी केले गेले आणि राजपुत्राच्या भूमिकेत ते बराच वेळ बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत दाखवले गेले, असं या चित्रपटाबद्दल नेहमी सांगितलं जातं. पहिल्या बोलपटाचा नायक, आणि बोलण्याची कामं शक्य तितकी दुसऱ्यांकडे. चित्रपटात सात गाणी होती. त्यातलं वझीर मोहम्मद खान या फकिराच्या भूमिकेतल्या नटाने गायलेलं गाणं देशभर गेलं. पृथ्वीराज कपूर यांच्यासारखा खर्जातला आवाज असलेला नवा नट मात्र लोकांच्या लक्षात राहिला.

14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्याचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं म्हणतात. पोस्टरवर विठ्ठल होते. पण चित्रपट चालला तो त्यांच्यामुळे नाही, आवाजामुळे.

पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. नायक होते गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीतकार आणि हार्मोनियमवादक. पार्श्वगायन 1935 पर्यंत आलंच नव्हतं. हिरोने स्वतः गायला हवं होतं. एका झटक्यात हिरो होण्याची पात्रताच बदलली. काल तलवार चालवता येणं पुरत होतं, आज गळा आणि जीभ हवी. विठ्ठल यांचं काम बिघडलं नव्हतं, त्यांचं वयही झालं नव्हतं. 1931 मध्ये ते जेमतेम पंचविशीत होते. खेळाचे नियम बदलले होते.

बास्केटबॉल बघणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वर्षानुवर्षं सुरुवातीच्या पाचात उतरणारा खेळाडू, आणि एके दिवशी कोच सांगतो की आता तू बाकावरून ये. सान अँटोनियोच्या मानू जिनोबिलीने ते मान्य केलं आणि 2008 मध्ये सर्वोत्तम सिक्स्थ मॅनचा पुरस्कार घेतला. कार्मेलो अँथनीला 2017 मध्ये बाकाबद्दल विचारलं तर तो हसला होता. नंतर त्यालाही बाकावर बसावंच लागलं. फरक इतकाच की या खेळाडूंकडे तोवर आयुष्यभर पुरेल इतका पैसा असतो. बाक नको असेल तर घरी बसता येतं.

1930 च्या दशकातल्या भारतीय नटाकडे हा पर्याय क्वचितच होता. तो कंपनीचा पगारदार होता. ना निवृत्तिवेतन, ना चित्रपटाच्या कमाईत वाटा, ना जुना चित्रपट पुन्हा दाखवल्याचे पैसे. मूकपट तर बोलपट आल्यावर रद्दीच झाले. सुमारे 1300 मूकपट भारतात निघाले आणि त्यातले मोजकेच आज शिल्लक आहेत. विठ्ठल यांनी जे नाव कमावलं ते ज्या फिल्मवर होतं, ती फिल्मच नाहीशी झाली.

विठ्ठल यांनी लगेच हार मानली असं नाही. त्यांनी दोन-तीन वाटा करून पाहिल्या.

एक वाट दिग्दर्शनाची. 1933 मध्ये त्यांनी 'औट घटकेचा राजा' दिग्दर्शित केला. हिंदीत तोच 'आवारा शहजादा'. राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब मुलगा अशी गोष्ट. दोन्ही भूमिका शाहू मोडक या कोवळ्या मुलाने केल्या आणि बोलपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. शाहू मोडक गायचे, त्यांची वाणी स्वच्छ होती. पुढे ते प्रभातचे 'संत ज्ञानेश्वर' झाले. नव्या जमान्याला कसा नायक हवा हे विठ्ठल यांना कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी स्वतःच तसा नायक उभा केला. 1937 चा 'स्वराज्याच्या सीमेवर' हाही त्यांच्याच दिग्दर्शनातला.

दुसरी वाट मराठीची. हिंदीत उच्चार आड येत होते, मराठीत नाही. आणि मराठीत तेव्हा एक माणूस असा होता ज्याला तलवार चालवणारी, घोड्यावर पक्की बसणारी, मराठमोळ्या अंगाची माणसं कायम हवी असायची. भालजी पेंढारकर.

भालजींच्या 1939 च्या 'नेताजी पालकर'मध्ये ललिता पवार यांच्याबरोबर विठ्ठल होते. पुढेही ते भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटांत दिसत राहिले. चाळिशीच्या दशकात मात्र कोल्हापुरात नवे नायक आले. चंद्रकांत, मग त्यांचे धाकटे भाऊ सूर्यकांत. तरुण, देखणे, संवादाला जोरदार. विठ्ठल हळूहळू कडेला सरकले. नायकाचा सरदार, मग सरदाराचा साथीदार, मग आणखी लहान काम.

या घसरणीची तारीख सांगता येत नाही. खेळात कोच एका सामन्याआधी यादी लावतो. सिनेमात कुणी काही सांगत नाही. पोस्टरवर नाव जरा खाली जातं, पुढच्या वेळी आणखी खाली, आणि मग एक दिवस पोस्टरवर नसतंच.

मान्य करावं की नाही, हा प्रश्न त्या पिढीतल्या बऱ्याच जणांपुढे आला होता आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. ज्याच्यावरून विठ्ठल यांना पदवी मिळाली तो खरा फेअरबँक्स. बोलपटात त्याचाही जम बसला नाही. 1934 मध्ये शेवटचा चित्रपट करून तो बाजूला झाला आणि 1939 मध्ये गेला. दुसऱ्याच्या मागे भाला धरून उभं राहायची वेळ त्याने येऊ दिली नाही. त्याला ते परवडणारं होतं, तो युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता.

आपल्याकडच्या सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, मूकपटांच्या महाराणी. त्यांचंही बोलपटात भाषेवरून अडलं. त्यांनी थांबून हिंदुस्तानी शिकून घेतली आणि परत आल्या, काही वर्षं चालल्याही. 1928 च्या मूकपटात त्या अनारकली होत्या, 1935 च्या बोलपटातही अनारकली त्याच. आणि 1953 चा 'अनारकली' आला तेव्हा त्याच सुलोचना सलीमच्या आईच्या, जोधाबाईच्या भूमिकेत होत्या. नायिका बीना राय. पुढे 1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि ललिता पवार. त्याही मूकपटापासूनच्या, नायिकाच. 1942 मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेचं काम संपलं. त्यांनी त्या डोळ्यासकट खाष्ट सासू उभी केली आणि पुढची चार दशकं अशी गाजवली की त्या कधी नायिका होत्या हे लोक विसरले. 'अनाडी'साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. म्हणजे बाकावरून येऊनही सामना फिरवता येतो, पण त्यासाठी नवं हत्यार लागतं. ललिताबाईंना ते त्यांच्या दुखापतीतच सापडलं.

विठ्ठल यांना तसं हत्यार सापडलं नाही. खरं सांगायचं तर इथेच त्यांची गोष्ट अवघड होते. त्यांच्या दुय्यम भूमिकांमधून एखादी अजरामर व्यक्तिरेखा निघाली असती तर शेवट गोड झाला असता. तसं घडलं नाही. त्यांनी फक्त काम करत राहायचं ठरवलं.

यात कमीपणा होता का? त्या काळच्या मुंबईत असता कदाचित. मालाडच्या किंवा दादरच्या एखाद्या स्टुडिओत जुन्या हिरोला एक्स्ट्रांच्या रांगेत पाहून लोकांनी चुकचुक केली असती. कोल्हापुरात हिशोब थोडा निराळा होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून इथे सिनेमा हा कारखान्यासारखा चालला. आज हिरो असलेला उद्या कपडेपट सांभाळतो, दिग्दर्शक सेट रंगवायला बसतो. खुद्द बाबूराव पेंटर, ज्यांनी शांतारामांना हाताला धरून शिकवलं, त्यांनी 1947 चा 'लोकशाहीर राम जोशी' शांतारामांच्या राजकमल कंपनीसाठी हाती घेतला आणि त्यावर दिग्दर्शक म्हणून गुरु-शिष्य दोघांची नावं लागली. गुरूने शिष्याच्या कंपनीत नोकरी करायची याहून मोठा बाक कोणता?

आणि मंगळवार पेठेतला तो स्टुडिओ तरी कुठे कायम वैभवात होता. कोल्हापूर सिनेटोन म्हणून राजाराम महाराजांच्या पाठबळावर तो सुरू झाला, पुढे भालजींनी घेतला आणि आपल्या जयसिंग आणि प्रभाकर या मुलांच्या नावांवरून जयप्रभा केला. 1946 चा 'वाल्मिकी' भालजींनी केला, त्यात पृथ्वीराज वाल्मिकी आणि राज कपूर नारद. दोनच वर्षांनी, 1948 मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ जळाला. भालजी कर्जात बुडाले. त्यांनी राखेतून पुन्हा उभारणी केली, चित्रपट काढले, आणि तरीही शेवटी कर्जापायी स्टुडिओ लता मंगेशकर यांच्याकडे गेला. मालकाचीच ही अवस्था, तिथे एखाद्या नटाने आपल्या जुन्या मानाचा हट्ट किती धरायचा.

'छत्रपती शिवाजी' या राखेनंतरचा चित्रपट. त्यात पृथ्वीराज पाहुणे कलाकार म्हणून मानाने आलेले, आणि विठ्ठल घरच्या माणसासारखे कामाला. 1931 मध्ये कुणाचं नाव वर होतं याचा हिशोब त्या दोघांपैकी कुणी मनात ठेवला असेल का, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

साठच्या दशकापर्यंत मास्टर विठ्ठल पडद्यावर छोट्या कामांत दिसत राहिले. 1969 मध्ये ते गेले. तोवर 'आलम आरा' हा शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न झाला होता. भारताचा पहिला बोलपट कोणता? उत्तरात इराणींचं नाव यायचं, झुबेदांचं यायचं, कधी पृथ्वीराज यांचंही. नायक कोण होता हे विचारलंच जात नसे.

'आलम आरा'ची एकही प्रिंट आज शिल्लक नाही. काही छायाचित्रं तेवढी उरली आहेत. त्यात राजपुत्राच्या वेशातले विठ्ठल झुबेदांसोबत दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही. 'छत्रपती शिवाजी' मात्र टिकला आहे आणि आजही बघता येतो. पहिल्या बोलपटाच्या नायकाला पडद्यावर पाहायचं तर 'आलम आरा' उपयोगाचा नाही, भालजींचा चित्रपट लावावा लागतो, आणि त्यात तो मुख्य माणूस नाही.